कानबाईचा सोमवार

सरकारला स्वतःच्या सहीनं मी आयुष्यात एकच तारीख दिली, आणि ती नेमकी कानबाईच्या सोमवारची दिली.

ज्यांच्या घरी कानबाई येत नाही त्यांना वाटेल, यात एवढं काय. म्हणून आधी तेवढं सांगते. आम्ही खानदेशी माणसं सुरतेला आलो, गिरणीत गेलो, लूमवर गेलो, माझ्यासारखी एखादी विधानसभेतही जाऊन आली, तरी श्रावणात नागपंचमीनंतरच्या पहिल्या रविवारी घरात कानबाई देवी बसतेच. नारळाला नथ घालायची, नवं लुगडं नेसवायचं, रोटाचा, म्हणजे तिच्या नैवेद्याचा, स्वयंपाक करायचा, आणि सोमवारी सकाळी तिला पाटावर घेऊन वाजतगाजत विसर्जनाला न्यायचं. त्या सोमवारी सुरतेतल्या आमच्या डिंडोली वस्तीत घरात माणूस सापडत नाही, आणि शाळेत मूल तर नाहीच नाही. आणि त्याच सोमवारी आमच्या मराठी शाळेतली मुलं मोजायला या, असं मी शिक्षण खात्याला लेखी कळवलं. शाळेचे वरचे तीन वर्ग वाचावेत म्हणून.

हसू आलं असेल तर हसा. परवा नातीला सांगितलं तर ती म्हणाली, "आजी, आ तो साव गांडपण!" म्हणजे गुजरातीत निव्वळ वेडेपणा, आणि पोहे खात बसली. तिचं बरोबर आहे. मलाही त्या बाईकडे पाहून आता हसूच येतं, पांढऱ्या गाडीत बसलेल्या, डोळ्यांवर गॉगल लावलेल्या तेव्हाच्या माझ्याकडे. फक्त ते हसू शेवटपर्यंत टिकत नाही, कारण त्या वेडेपणाचं जे भोगायचं ते तिला भोगावं लागलं नाही, दुसऱ्याच कुणाला तरी लागलं.

लग्न करून मी सुरतेला आले तेव्हा माझ्या पेटीत दोन साड्या आणि धुळ्याचं डी.एड.चं प्रमाणपत्र होतं. आमचे हे लूमच्या कारखान्यात. वर्षभरात मला मराठी शाळेत नोकरी लागली आणि त्याच शाळेत मी बावीस वर्षं काढली. आधी पत्र्याखाली, मग स्लॅबखाली. मुलं घरी अहिराणी बोलायची, रस्त्यावर गुजराती, टीव्हीसमोर हिंदी, आणि माझ्यासमोर यायची तेव्हा तोंड मिटून बसायची. त्यांची तोंडं उघडायला मला साधारण दिवाळी उजाडायची.

पण खरं काम दिवाळीचं नव्हतं, जूनचं होतं. पाचवी झाली की मुलींना घरी बसवायचे. "वाचता येतं, सही करता येते, आता काय तिला साहेब करायचंय?" असं बाप म्हणायचा, आणि मुलगी आईशेजारी साडीला खडे चिकटवायला बसायची. मी दारोदार जायची. माझ्याकडे सांगायला एकच गोष्ट होती, आणि ती पुरेशी होती: "अहो दादा, सहावी-सातवी-आठवी इथंच आहे, तुमच्या ओट्यावरून दिसते. रस्ता ओलांडायचा नाही, रेल्वेची लाइन ओलांडायची नाही. तुम्ही हाक मारली तर वर्गात ऐकू येईल." मग बाप नाइलाजानं मान हलवायचा. आमच्या गल्ल्यांमधल्या मुलींचं पाचवीनंतरचं शिक्षण म्हणजे त्या तीन खोल्या. त्या होत्या म्हणून शिक्षण होतं.

आणि दर श्रावणात त्या सोमवारी आमचे हेडगुरुजी स्थानिक सुट्टी द्यायचे. सूचना फळ्यावर लिहायचं काम माझ्याकडे, माझं अक्षर बरं म्हणून. बावीस वेळा लिहिली मी ती. हे मुद्दाम सांगतेय, म्हणजे माझ्या मूर्खपणाचा तुम्हाला नीट अंदाज येईल.

आमदारकीचं तिकीट मला का मिळालं याबद्दल लोक बरंच काय काय बोलायचे. शिक्षणाची सेवा, स्त्रीशक्ती वगैरे. खरी गोष्ट अशी, की दोन मोठे दावेदार एकमेकांवर उठले होते, आणि वरच्यांना असं कुणी हवं होतं जिच्यावर दोघांचाही राग नाही. त्यात मराठी मतं पुष्कळ. कुणीतरी म्हणालं, शाळेत एक बाई आहे, सगळी वस्ती तिला ओळखते. मला विचारायला आले तेव्हा मी पाचवीच्या वह्या तपासत होते. मी म्हटलं, विचार करून सांगते. तो विचार मी जेमतेम वही संपेपर्यंत केला असेल. मी राजीनामा दिला तेव्हा हेडगुरुजी म्हणाले, "बाई, वर्ग सोडून चाललात."

"गुरुजी, मोठ्या वर्गात चाललेय," मी म्हटलं. काय ते वाक्य! घरी येऊन आरशासमोर पुन्हा म्हणून पाहिलं होतं.

प्रचार मात्र मजेचा झाला. प्रत्येक दुसऱ्या घरात माझा विद्यार्थी. मत मागायच्या आधी मी विचारायची, नोकरी लागली का, लग्न झालं का, आईला नीट बोलतोस का. एका गल्लीत टक्कल पडलेला एक बाप्या मला बघताच उभा राहिला आणि हातातली विडी पाठीमागे लपवली. कार्यकर्ते मतांची गणितं मांडत होते, मी मात्र त्या विडीवरून ओळखलं की आपण निवडून येणार.

गांधीनगरला पहिल्याच अधिवेशनात मी नाव काढलं. मला बोलायला चार मिनिटं होती. गुजरातीत लिहून, पाठ करून गेले होते. वेळ संपली की अध्यक्ष घंटी वाजवतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. घंटी वाजली, आणि बावीस वर्षांच्या सवयीनं मी कागद गोळा केले, पर्स उचलली आणि दाराकडे निघाले. अख्खं सभागृह हसलं. मागून कुणीतरी ओरडलं, "बेन, रिसेस नथी!" मी परत येऊन बसले, कान लालभडक. पण गंमत बघा, त्या दिवशी मी जशी होते तशी बरी होते. पुढे घंटी वाजली तरी बसून राहायला शिकले, आणि बिघडले ती तिथपासून.

बिघडले म्हणजे खाल्लंबिल्लं नाही हो. फक्त आधी मी 'बाई' होते. निवडून आल्यावर 'ताई' झाले. दुसऱ्या वर्षी 'मॅडम'. गाडीची काच वर असायची, फोन पी.ए.कडे असायचा. पूर्वी मी तिथीनं जगायची, पंचमी कधी, पोळा कधी, मुलं कुठल्या दिवशी गावाला पळणार. आता माझ्याकडे सोनेरी कडांची डायरी होती, आणि तीत जे लिहिलं नसेल ते घडणारच नाही, अशी माझी पक्की समजूत झाली होती.

तिसऱ्या वर्षी उन्हाळ्यात हेडगुरुजींचा निरोप आला. मराठी शाळांची पटसंख्या घटते आहे, आईबाप मुलांना गुजरातीत नाहीतर इंग्रजीत घालताहेत, आणि खात्याला संशय आहे की आमच्या शाळेनं पटावर नावं फुगवली आहेत. वरचे तिन्ही वर्ग लाइनीपलीकडच्या शाळेत नेऊन जोडायचा प्रस्ताव आहे. मी ऐकलं आणि पेटले. खरं सांगते, तो राग खोटा नव्हता. त्या तीन खोल्यांमधल्या बाकांवर माझ्या हातानं बसवलेल्या मुलींच्या मुली बसत होत्या.

मग मी खात्याच्या बैठकीत टेबलावर हात आपटला. "एकही नाव खोटं नाही. या, मोजा! कुठल्याही दिवशी या!"

समोरचे साहेब शांत माणूस. बारीक फ्रेमचा चष्मा, खिशाला दोन पेनं. ते म्हणाले, "बेन, तो तमे ज तारीख आपो. तुम्हीच द्या, लेखी. मी स्वतः येतो. मुलं भरली तर प्रस्ताव मागे, नाही भरली तर वर्ग हलणार. मग पुन्हा चर्चा नाही."

मी डायरी उघडली. ज्येष्ठ चालू होता. मला काहीतरी लांबची, मोकळी, रुबाबात देता येईल अशी तारीख हवी होती. एक सोमवार दिसला. सरकारी डायरीत त्यावर काही छापलेलं नव्हतं. कानबाईची सुट्टी सरकारी डायरीत कधीच छापलेली नसते. म्हणून तर गुरुजी स्थानिक सुट्टी देत. मी आकडा लिहिला, सही केली, सहीखाली रेघ ओढली. सवयीनं शेराही देणार होते, 'उत्तम'.

तिथीचं म्हणाल तर मध्ये मला तीनदा संधी मिळाली. आमदार झाल्यापासून आमच्या घरची कानबाई गावी जाऊबाईंकडेच बसायची; एकदा त्यांचा फोन आला, "रोटाला ये वं, औंदा तरी ये." मी म्हटलं, "कसं जमणार, सोमवारी शाळेत तपासणी आहे." त्या म्हणाल्या, "कानबाईना दिवसले तपासणी?" मी म्हटलं, "सरकारी काम असतं, वहिनी." आणि फोन ठेवला. कळतंय का? त्यांनी सरळ तोंडावर सांगितलं, मी सरळ कानावरून जाऊ दिलं.

दुसऱ्यांदा स्वतः हेडगुरुजी आले. माझ्या कार्यालयाबाहेर लोकांच्या रांगेत, लाकडी बाकावर, सकाळपासून दुपारपर्यंत बसले. ज्या माणसानं मला खडू आडवा धरून जाड अक्षर कसं काढायचं ते शिकवलं, तो माणूस बाकावर. पी.ए. आत येऊन म्हणाला, "शाळेवाले सर आलेत, तारखेचं काहीतरी म्हणतात."

"तारीख ठरलीये म्हणावं," मी म्हटलं. "फक्त शाळा झाडून ठेवा, आणि साहेबांना चहा कपात द्या, ग्लासात नको."

गुरुजींनी एक चिठ्ठी ठेवली आणि गेले. मला वाटलं कुणाचा तरी बदलीचा अर्ज असेल. घडी न उलगडता मी ती पर्समध्ये टाकली.

तिसरी संधी खुद्द सोमवारी सकाळी मिळाली, आणि ती सांगताना अजून माझी मान खाली जाते.

साहेबांना मी माझ्याच गाडीत घेतलं. उधन्याकडून वळलो आणि डिंडोलीत शिरताना गाडी थांबली. पुढे मिरवणुकाच मिरवणुका. डफ, बेंजो, गुलाल. बायका डोक्यावर पाट घेऊन, पाटावर कानबाई, कपाळाला मळवट. फुगड्या रंगलेल्या. मी काच खाली केली, हात जोडले. साहेबांनी विचारलं, "आ शुं छे, बेन?"

आणि मी त्यांना सांगायला लागले. किती कौतुकानं! आमची कानबाई कशी, रोट भाऊबंदांनीच कसा खायचा, गहू मुठी मोजून कसे घ्यायचे. साहेब मन लावून ऐकत होते. शेवटी मी म्हटलं, "आज बघा साहेब, म्हातारी माणसंसुद्धा घरात सापडायची नाहीत. पोरंसोरं सगळी इथं रस्त्यावर!"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मग चष्मा पुसायला लागले. मी ड्रायव्हरला म्हटलं, "हॉर्न दे रे, शाळेला उशीर होतोय."

नव्या फ्रॉकातल्या काही मुली गाडीला हात करत होत्या. मीही हात केला. ज्यांना मोजायला चालले होते त्यांनाच मी हात करत होते.

शाळेचं फाटक उघडं होतं. अंगण झाडलेलं, रांगोळी काढलेली. हेडगुरुजी पांढरा शर्ट घालून पायरीवर उभे. एवढी शांतता मी त्या शाळेत कधी ऐकली नव्हती. मला वाटलं, वा, काय शिस्त! वर्गाच्या दारात जाईपर्यंत मला तेच वाटत होतं.

सहावीच्या वर्गात चार. सातवीत दोन. आठवीत तीन. पटावर शंभराच्या वर, आणि बाकांवर नऊ.

साहेबांनी प्रत्येक वर्गात दोनदा मोजलं. हे मी त्यांच्या बाजूनं सांगते, त्यांनी दोनदा मोजलं. सहावीतली पहिल्या बाकावरची एक मुलगी उठून उभी राहिली, मेंदी लावलेले हात जोडून "नमस्ते" म्हणाली. नवा पिवळा परकर, कपाळाला हळदकुंकू. मी ओळखलं तिला. तिची आई माझी विद्यार्थिनी, सातवीत असताना पाढे म्हणण्यात पहिली. मी विचारलं, "तुझ्याकडे कानबाई नाही का गं?"

"आहे ना," ती म्हणाली. "आई म्हणे, बाईंनी बोलावलंय, तू जा. कानबाईले मी सांगी दिसू."

तेव्हा मला कळलं. डोक्यात एकदम लख्ख झालं असं म्हणतात ना, तसं नाही. पायातून वर चढत आलं. पाणी चढतं तसं, हळूहळू. डोळे पुसायला रुमाल शोधत पर्समध्ये हात घातला तर हाताला गुरुजींची चिठ्ठी लागली. उलगडली. 'बाई, त्या दिवशी कानबाई आहे. आपण नेहमी सुट्टी देतो. वरून हुकूम आहे की तुम्ही येणार म्हणून शाळा उघडी ठेवा. तारीख बदलून घ्या.' चार ओळी, जाड, सुबक अक्षरात.

मी साहेबांना व्हरांड्यात गाठलं. "साहेब, आजचा दिवस धरू नका. तुम्ही डोळ्यांनी बघितलंत ना, सगळी मुलं रस्त्यावर आहेत."

"जोयुं, बेन," ते म्हणाले. "पण कागदावर मी रस्ता कसा लिहू? तारीख तो तमे ज आपी हती." त्यांनी फाइल उघडून माझी सही दाखवली. खालच्या रेघेसकट.

गुरुजींनी चहा आणला. कपात.

नंतर मला कळलं की आदल्या दोन दिवसांत ते गल्लीगल्लीत फिरले होते. "सोमवारी एक तास मुलांना पाठवा," म्हणून हात जोडत होते. लोक म्हणाले, "गुरुजी, कानबाई टाकून? बाईलेच इचारा ना, बाईबी आपलीच शे." बाई आपलीच आहे, म्हणजे तिला ठाऊक असणारच, काहीतरी सोय केली असणार. या विश्वासानं त्यांनी मुलं पाठवली नाहीत.

अहवाल वर गेला. आठ दिवसांत हेडगुरुजींना नोटीस आली, पटावर खोटी नावं का लिहिली याचा खुलासा करा. त्याच संध्याकाळी पक्षातले एक वडीलधारे माझ्याकडे येऊन बसले. सुपारी कातरत म्हणाले, "सोपं आहे. हेडमास्तरनं तुम्हाला कळवलं नाही, असं लिहा. चूक त्याची. तुम्ही मोकळ्या."

मला लिहायला आवडेल की मी त्यांना दाराबाहेर काढलं. तसं झालं नाही. मी दोन दिवस विचार केला. दोन्ही दिवस जेवले, झोपले, एका दुकानाची फीतही कापली. मनात म्हणत होते, गुरुजींच्या निवृत्तीला थोडेच महिने राहिलेत, त्यांचं काय बिघडणार? आणि मी राहिले तर पुढे शाळेचं काहीतरी करता येईल. असा विचार करणारी ती बाई मला अजून दिसते, पंख्याखाली बसलेली. ती आज माझ्या वर्गात असती तर तिला उभी केली असती, दिवसभर.

तिसऱ्या दिवशी सकाळी गुरुजींचाच फोन आला. मी स्वतः उचलला. ते म्हणाले, "बाई, कुणी काय सुचवलंय ते माझ्या कानावर आलंय. माझ्यावर टाकून ते तीन वर्ग वाचत असतील तर खुशाल टाका, मी सही करतो. पण वाचत नसतील तर उगाच टाकू नका."

"वाचणार नाहीत गुरुजी," मी म्हटलं. "मीच वाचेन फक्त."

"मग बघा," एवढंच म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मी पत्र लिहिलं. हातानं, माझ्या बऱ्या अक्षरात. तारीख मी दिली, दिवस सणाचा होता हे मला माहीत असायला हवं होतं, मुख्याध्यापकांनी लेखी कळवलं होतं, मी वाचलं नाही, तरी मुलांची मोजणी पुन्हा व्हावी. सोबत गुरुजींची चिठ्ठी जोडली. एका वर्तमानपत्राच्या पोरकट डोक्यानं दुसऱ्या दिवशी बातमीला मथळा दिला, 'आमदारबेन स्वतःच्याच शाळेत नापास'. मथळा चांगला होता, मी नाही म्हणत नाही. पुढच्या वेळी तिकीट कापलं गेलं त्याला बाकीचीही कारणं होती, पण ते कात्रण कुणीतरी फाइलीत जपून ठेवलं होतं हे खरं.

गुरुजींची नोटीस मागे घेतली गेली. फेरमोजणी मंजूर झाली. पण ती व्हायला दिवाळी उलटली, आणि तोवर गल्ल्यांमध्ये बातमी पक्की झाली होती की वर्ग जाणार. लोक दाखले काढून न्यायला लागले. ज्यांना जमलं त्यांनी मुलं दुसरीकडे घातली, ज्यांना नाही त्यांनी गावाकडे आजीजवळ पाठवली. साहेब पुन्हा आले. यावेळी मी त्यांच्याबरोबर गेले नाही, फाटकाबाहेर भिंतीला टेकून उभी राहिले. त्यांनी दोनदा मोजलं असणार. बाहेर येऊन म्हणाले, "सात ओछा, बेन." वर्ग ठेवायला लागतात त्यापेक्षा सात कमी. त्यांना वाईट वाटत होतं, हे त्यांच्या चष्म्यावरून कळत होतं. ते पुन्हा तो पुसत होते.

जूनपासून सहावी, सातवी, आठवी लाइनीपलीकडे गेली.

त्या जूनमध्ये मी पुन्हा दारोदार फिरले, आमदार असताना, पायी. मुलींची यादी हातात. पण आता सांगायला ती एक गोष्ट माझ्याकडे नव्हती. बाप म्हणायचे, "ताई, रेल्वेचं फाटक आहे, ट्रक आहेत, मालगाडी उभी राहिली की पोरी डब्याखालून जातात. तुम्ही पाठवाल का तुमची?" काही मुली गेल्या. घोळक्यानं जायच्या, त्यांना मी सोबत दिली काही दिवस. बऱ्याच गेल्या नाहीत. त्या पिवळ्या परकरातल्या मुलीच्या नावासमोर मी खूण करायचं टाळत राहिले. तिच्या दारात जायची माझी छाती होत नव्हती. शंभरातल्या नवांमध्ये ती होती. सण सोडून आली होती, मी बोलावलं म्हणून.

शेवटी आषाढात एके दुपारी गेले. ओट्यावर तिची आजी डाळ निवडत होती. मला पाहून आत ओरडली, "बाई उनी वं, बाई उनी!" आत एकच खोली. जमिनीवर मोरपंखी साडी पसरलेली, लांबच्या लांब. एका टोकाला आई, दुसऱ्या टोकाला मुलगी. मध्ये खड्यांची वाटी आणि डिंकाची बाटली. मुलीचे हात भराभर चालत होते. सहावी संपून चार महिने झाले नव्हते, आणि बोटं तयार झाली होती. वर्गात ती लिहायला किती हळू होती!

आईनं मला पाट सरकवला. पाणी दिलं. पुन्हा जाऊन आपल्या टोकाला बसली आणि खडे लावायला लागली. ही तीच, जिला सातवीपर्यंत टिकवायला मी तिच्या बापाच्या दारात चार चकरा मारल्या होत्या.

मी येताना पुष्कळ वाक्यं जुळवली होती. चार वर्षं भाषणं केल्यावर माणसाला तेवढं येतं. ती सगळी मी बाजूला ठेवली. मी म्हटलं, "माझ्यामुळे झालं हे. मला माहीत असायला हवं होतं, आणि मी विसरले. मी माफी मागायला आलेय. तुझी पण, हिची पण."

मुलगी थांबली. आईकडे बघायला लागली. आईनं हातातला खडा लावला, अंगठ्यानं दाबला. मग दुसरा लावला. मग तिसरा. बाहेर आजीचं डाळ निवडणं थांबलं होतं, तीही ऐकत असावी. मग आईनं वाटी बाजूला सरकवली, पदराला बोटं पुसली आणि पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघून म्हणाली:

"माफीचं राहू द्या, बाई. हिनं सातवीचं पुस्तक मागून आणलंय शेजारून, रोज घेऊन बसते, आणि अपूर्णांकापाशी अडलीये. मला येत नाही, हिच्या बापाला येत नाही. तुम्हाला येतात का अजून, का तेही विसरल्या?"